टू पॉइंट एट की फोर: साताऱ्याकडच्या दोन भावांनी वाइड लेन्स कशी घेतली

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातला एक छोटा स्टुडिओ, दोन चुलतभाऊ मिळून चालवतात. नावं देत नाही, थोरला आणि धाकटा म्हणू. मी त्यांच्या लग्नांचे फोटो एडिट करतो, अल्बमच्या शीट लावतो आणि सीझनला माणूस कमी पडला की तिसरा कॅमेरा गळ्यात अडकवून उभा राहतो, त्यामुळे हे सगळं जवळून बघितलंय, आणि एका ठिकाणी तर घोळ माझाच होता, तो पुढे येईलच.

कामं तीन प्रकारची. लग्नं, त्यावर घर चालतं. मग वाई-पाचगणी पट्ट्यातले होमस्टे आणि बंगले, म्हणजे खोल्यांचे फोटो, पैसे बरे मिळतात आणि कोणी 'सेल्फी काढा' म्हणत नाही. तिसरं कास पठार आणि रात्रीचं आकाश, ही थोरल्याची हौस. वर्षाला एक कॅलेंडर निघतं त्यातून, बाकी पेट्रोलचा खर्च.

दोन कॅनन आर सिक्स बॉड्या, २४-७० आणि ७०-२०० लेन्स होत्याच (हे आकडे मिलिमीटरचे, जितका लहान तितकं रुंद दिसतं). वाइडला मात्र जुनी १७-४० एफ ४ एल, २००३ चं मॉडेल, आर बॉडीला अडाप्टर लावून. एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते आणि उजेड जास्त येतो, टू पॉइंट एट की फोर हा वाद त्याचाच. सेकंडहँड घेतलेली, पैसे कधीच वसूल झालेले.

अडचण नेमकी काय होती

२०२३ च्या जुलैत विषय निघाला. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, त्यामुळे आषाढी ते तुळशीचं लग्न असा चातुर्मास चक्क पाच महिन्यांचा, म्हणजे हातात वेळच वेळ आणि गल्ल्यात खडखडाट. अशा वेळी माणूस काय करतो, तर लेन्सचे रिव्ह्यू बघतो.

१७-४० ची रड खरीच होती. १७ ला पूर्ण उघडी ठेवून मारलं की कडा मऊ पडायच्या, मधला नवरानवरी टकाटक आणि टोकाचा माणूस पाण्यातून बघितल्यासारखा. लेन्समध्ये आयएस, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय, नाही, त्यामुळे धाकटा वरातीत चालत व्हिडिओ काढायचा तेव्हा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन एकटं झगडायचं आणि फ्रेमचे कोपरे जेलीसारखे हलायचे. आणि होमस्टेच्या बाथरूममध्ये १७ सुद्धा कमी पडायचं, एकदा धाकट्याने कमोडवर उभं राहून फोटो काढलाय, त्याची टिंगल अजून चालू आहे.

पण दोघांना अडचण वेगवेगळी दिसत होती, आणि माझ्या मते खरा गोंधळ इथेच होता. थोरल्याला हवी होती आकाशगंगेसाठी एफ २.८. धाकट्याला हवी होती हलकी लेन्स, गिंबलवर (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या दांड्यावर) दिवसभर धरून मनगट दुखू नये अशी. बोलताना दोघंही 'नवीन वाइड घ्यायचीये' एवढंच म्हणायचे, म्हणून महिनाभर वाटत होतं एकमत आहे.

समोर काय काय होतं

थोरल्याचं मन आरएफ, म्हणजे आर बॉडीला थेट बसणाऱ्या, १५-३५ एफ २.८ वर. २०१९ ची लेन्स, ८४० ग्रॅम, फिल्टर ८२ चा. धाकट्याचं आरएफ १४-३५ एफ ४ वर, २०२१ ची, ५४० ग्रॅम, फिल्टर ७७ चा. यातला ७७ चा मुद्दा किरकोळ वाटतो पण यांच्याकडे १७-४० साठी घेतलेले चांगले सीपीएल (चकाकी कमी करणारे) आणि एनडी (उजेड कमी करणारे) फिल्टर ७७ चेच होते, ते परत घ्यायचे म्हणजे वेगळा फटका. आणि ५४० ग्रॅम म्हणजे जुनी १७-४० अडाप्टर धरून जेवढी भरते त्याहूनही कमी. दोन्हीत आयएस आहे. किंमत दोन्हींची लाखाच्या पुढेच, २.८ अर्थातच बरीच वर.

तिसरा पर्याय मी सुचवलेला, जुनी ईएफ (कॅननच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या जोडणीची) १६-३५ एफ ४ एल आयएस, २०१४ ची, सेकंडहँड. अडाप्टर आहेच, फिल्टर ७७ चाच, आयएस आहे आणि कडा १७-४० पेक्षा कितीतरी चांगल्या. थोरला म्हणला, 'आता परत ईएफ माउंटमध्ये पैसे कशाला घालायचे?' धाकटा काही म्हणलाच नाही, त्याला डबा नवीन फोडायचा होता. विषय तिथेच बंद.

मिलिमीटरवरून पण बरीच भांडाभांड झाली म्हणून हिशोब करून दाखवला. फुल फ्रेमवर, म्हणजे यांच्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या साइजला, आडव्या फ्रेमची रुंदी १७ ला साधारण ९३ अंश, १६ ला ९७, १५ ला १००, १४ ला १०४. तुलनेला २४ घेतली तर ७४. म्हणजे १५ आणि १४ मध्ये चारच अंशांचा फरक, पण वाइडच्या टोकाला एकेक एमएम जड असतो, ३४ आणि ३५ मधला फरक कुणाला कळणार पण नाही.

ट्रायल, आणि आभाळाने केलेली पंचाईत

घाईत बुकिंग करायचं नाही एवढं शहाणपण सुचलं. सप्टेंबरात १५-३५ पुण्यातून दोन दिवस रेंटवर आणली, दिवसाला हजार-बाराशे भाडं आणि डिपॉझिट वेगळं. १४-३५ कराडच्या एका मित्राची उसनी.

पहिला दिवस कासला. सप्टेंबर म्हणजे बहर, वीकडे होता म्हणून गर्दी जरा कमी. तिथली फुलं दिसायला गालिचा पण एकेक फूल नखाएवढं, सीतेची आसवं घ्या, गेंद घ्या, किंवा सगळे ज्याला मिकी माउस म्हणतात तो कवला घ्या. फुलात पाय टाकायचा नाही, टाकूही नये, त्यामुळे वाटेच्या कडेला पालथं पडून जे पुढ्यात येईल त्यावर भागवायचं. इथे एक गोष्ट कळली जी स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेली असते पण डोक्यात शिरत नाही. मिनिमम फोकस अंतर सेन्सरपासून मोजतात. १४-३५ चं ते २० सेंटीमीटर, त्यातले बारा सेंटीमीटर लेन्स आणि बॉडीच खाते, म्हणजे काचेपुढे उरतात आठ. १५-३५ चं २८, लेन्स लांब आहे, तरी काचेपुढे तेरा उरतात. ३५ ला दोन्ही जवळात जवळ नेल्या तर १४-३५ मध्ये फूल जवळजवळ पावणेदोन-पट मोठं येतं. थोरल्याने १४-३५ ने आसवांचा एक झुबका पुढे आणि मागे ढग उतरलेलं अख्खं पठार असा फोटो काढला आणि पाच मिनिटं गप्प बसला. टू पॉइंट एटचा किल्ला तिथे पहिल्यांदा हलला.

सीपीएल लावून पण बघितला. एवढ्या वाइडला निळ्या आभाळात मधेच गडद पट्टा येतो, एका बाजूला फिकट एका बाजूला शाई सांडल्यासारखं, कारण फ्रेममध्ये मावणाऱ्या सगळ्या आभाळाचं पोलरायझेशन सारखं नसतं. हा दोष दोन्ही लेन्सना सारखाच, त्यात लेन्सचा काही गुन्हा नाही.

दुसरा दिवस वाईकडच्या एका होमस्टेत. खोल्यांना ट्रायपॉड, एफ ८, एक्सपोजर ब्रॅकेट करून (एकच फ्रेम कमी-जास्त उजेडात काढून). इथे २.८ चं करायचं काय? काहीच नाही. कोणती लेन्स कशी यापेक्षा कॅमेरा लेव्हलला आहे का हे बघा, जरा वर-खाली झुकला की भिंती मंदिराच्या शिखरासारख्या एकत्र यायला लागतात.

रात्री आकाश. पण सप्टेंबरातलं साताऱ्याचं आभाळ ते, ढगातून चांदणीसुद्धा दिसेना. म्हणजे ज्या एका कामासाठी २.८ हवी होती तेच काम ट्रायलला करता आलं नाही. दोघं रात्री अकरापर्यंत गाडीत बसून भडंग खात होते, मग घरी.

चालत व्हिडिओ काढून बघितला तेव्हा कोपऱ्यातली जेली दोन्ही लेन्सवर दिसली. १७-४० पेक्षा कमी, पण पूर्ण गेली नाही. धाकट्याचा चेहरा पडला. नवीन लेन्स घेऊन हे जाईल असं तो धरूनच चालला होता.

निर्णयाची जागा: अमावास्या मोजल्या

इथे गाडी अडली होती. थोरला म्हणे, 'एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, फोरवर आयएसओ बारा हजार आठशे लागेल तिथे टू पॉइंट एटवर चौसष्टशेत भागेल.' बरोबरच आहे, आयएसओ जितका चढवावा तितके फोटोत दाणे येतात, यात वाद घालण्यासारखं काही नाही. धाकटा म्हणे, 'दादा, वर्षातून किती रात्री?' थोरला म्हणे, 'बऱ्याच.'

मग आम्ही कालनिर्णय काढलं. आकाशगंगेचा भरगच्च मधला भाग आपल्याकडून साधारण फेब्रुवारी ते ऑक्टोबर दिसतो. त्यातले जून ते सप्टेंबर पावसाने गेले. ऑक्टोबरात संध्याकाळी थोडा वेळ दिसून मावळतो. राहिले फेब्रुवारी ते मे, आणि तोच लग्नाचा सीझन, तेव्हा या दोघांना जेवायला फुरसत नसते. मोकळ्या रात्री कुठल्या, तर ज्या दिवशी कुणी लग्न ठेवत नाही त्या. अमावास्या! आणि चांदण्यांना पण अमावास्याच लागते. थोरल्याला आधी आनंद झाला, मग लक्षात आलं की याचा अर्थ वर्षातून चार रात्री, त्यात एखादी ढगाळ, एखादी दुसऱ्या दिवशी सकाळी हळद असल्यामुळे बाद.

चार रात्रींसाठी, दर वेळी दोन दिवसांचं भाडं धरून, लेन्स रेंटवर आणली तर दहा हजाराच्या आतबाहेर. विकत घेताना दोन लेन्समधला जो फरक होता त्यात असं कितीतरी वर्षं रेंट भागलं असतं. वरातीत, स्टेजवर २.८ उपयोगी पडतेच, पण तिथे यांची २४-७० एफ २.८ बॉडीवरून उतरतच नाही. जुन्या लग्नांच्या फाइल्समधून १७-४० चे फोटो फोकल लेंग्थप्रमाणे लावून बघितले, तर बहुतेक हॉल, मांडव, डेकोरेशन, जेवणाची पंगत, आणि कमी उजेडातली माणसं फार थोडी. हे आधीच बघायला हवं होतं, फुकट होतं.

१४-३५ ठरली, दसऱ्याला घ्यायची. त्या वर्षी दसरा २४ ऑक्टोबरला. आणि ११ ऑक्टोबरला कॅननने १०-२० एफ ४ जाहीर केली. झालं! १० एमएम म्हणजे आडवी १२२ अंश, आणि वजन फक्त ५७० ग्रॅम. दोन दिवस थोरला झपाटल्यासारखा. पण पुढची काच फुगीर, पुढे फिल्टर बसत नाही, किंमत आणखी वर, आणि ३५ पर्यंत जात नाही म्हणजे लग्नात सारखी काढ-घाल. ते भूत उतरवायला फार बोलावं लागलं नाही, कोटेशन बघितल्यावर आपोआप उतरलं.

बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणारा एक जण भेटला होता, त्याला नाही म्हणलं. जीएसटीचं क्रेडिट आणि वॉरंटी दोन्ही सोडून काय वाचणार होतं? पूजा करून, झेंडू घालून, १४-३५ घरी आली.

पुढे काय झालं: काळे कोपरे

पहिला धक्का माझ्या टेबलावर. दिवाळीआधी एका बंगल्याचं शूट झालं, धाकट्याने कार्ड आणून दिलं, मी १४ ला काढलेली पहिली रॉ फाइल (कॅमेऱ्याने काही न सुधारलेली) उघडली तर चारही कोपरे काळे आणि भिंत ढोलासारखी फुगलेली. फोन केला, म्हणलं लेन्स डिफेक्टिव्ह आहे, लगेच बदलून घ्या. तिकडे रडायची वेळ. थोरला सरळ दुकानात जाऊन बसला.

डिफेक्ट लेन्समध्ये नव्हता. ही लेन्स बनवलीच अशी आहे की १४ ला काचेतून येणारं चित्र बरंच फुगलेलं असतं आणि ते सरळ करायचं काम सॉफ्टवेअरवर सोडलंय. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, जेपीईजीत ते सरळ होऊन येतं म्हणून धाकट्याला शूटवर काही कळलं नाही. माझ्याकडचं एडिटिंग सॉफ्टवेअर लेन्सपेक्षा जुनं, त्यात आर सिक्सच्या फाइल उघडत होत्या पण या लेन्सचं प्रोफाइलच, म्हणजे तिचे दोष सरळ करायची माहितीच, नव्हती. अपडेट केलं, भिंत सरळ झाली, कोपरे उजळले. उजळले म्हणजे ओढून ताणून उजळले, त्यामुळे १४ ला अगदी टोकाच्या कोपऱ्यात बारीक डिटेल आणि नॉइज (दाणे) दोन्हीत मार खाल्ला जातो. १६ पर्यंत आलं की खूपच सुधारतं. ट्रायलच्या फाइल्स आम्ही कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आणि मोबाइलवर बघितल्या होत्या, रॉ माझ्याकडे उघडलीच नव्हती. दुकानदाराची माफी थोरल्याने मागितली. मी त्याची.

काकूंचा दंड

तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलंच लग्न. हॉल अरुंद, स्टेजपुढे खुर्च्या ठासून भरलेल्या, मागे सरकायला जागा नाही. नवरीकडची बावीस माणसं स्टेजवर. पूर्वी १७ वर कसंबसं मावायचं, आता १४ आहे म्हणून धाकट्याने आहे तिथूनच सगळे बसवले, खटॅक.

अल्बमची शीट बघायला नवरीची आई आणि काकू आल्या. काकू फोटोत उजव्या टोकाला उभ्या. त्यांनी चष्मा लावला, स्क्रीनजवळ आल्या, बोट ठेवलं. 'हा माझा दंड आहे होय? आणि तोंड बघा, भोपळा केलाय नुसता.' मी म्हणलं वाइड लेन्समुळे होतं असं. 'मग मधल्यांना का नाही झालं?'

प्रश्न एकदम बरोबर. रेषा सरळ ठेवणाऱ्या कुठल्याही वाइड लेन्समध्ये कडेच्या गोल वस्तू बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात, लेन्स कितीही भारी असो. हिशोब असा की १४ ला फ्रेमच्या अगदी डाव्या-उजव्या कडेला डोकं उंचीच्या मानाने साधारण १.६ पट रुंद होतं, २४ ला सव्वापट, ३५ ला जेमतेम १.१ पट. मधल्याला काहीच होत नाही. आणि गंमत म्हणजे लेन्सचं प्रोफाइल जितकं चांगलं, रेषा जितक्या सरळ, तितके कडेचे लोक जाड.

मी टोकाचा भाग आत दाबून शीट परत लावली, काकू निम्म्या खूश झाल्या. तेव्हापासून यांचा नियम आहे, ग्रुपला २४ च्या खाली जायचं नाही, जागा नसेल तर दोन रांगा करा, पोरं खाली बसवा. आणि १४ वापरायचीच वेळ आली तर दोन्ही कडांना मांडवाचा खांब, समई, केळीचे खुंट असलं काहीतरी येऊ द्या. खांब जाड दिसला म्हणून कुणी अल्बम परत करत नाही.

खोलीचा हॉल झाला

होमस्टेवाल्यांकडून आधी वाहवा मिळाली. दहा बाय अकराची खोली १४ ला एवढी ऐसपैस दिसली की मालकाने तोच फोटो पहिला टाकला. दोन महिन्यांत त्याचाच फोन. पाहुणे येतायत, दारात उभे राहून मोबाइलमधला फोटो आणि खोली आलटून पालटून बघतायत. एकाने तोंडावर सांगितलं, 'फोटोत हॉल होता, हे खुराडं आहे.' धाकट्याने स्वतःच्या खर्चाने जाऊन परत फोटो काढले, १८ ते २० मध्ये, पलंगाच्या बाजूने उरलेली जागा खरी दिसेल अशा बेताने. आता खोल्यांना १८ च्या खाली जात नाहीत, बाथरूम सोडून. कमोडवर उभं राहणं बंद झालं, एवढ्यासाठी १४ वसूल.

अमावास्यांचं काय झालं

२०२४ मध्ये ९ फेब्रुवारीला १५-३५ रेंटवर मिळाली, थोरला पहाटे गेला, कॅलेंडरचं कव्हर त्यातूनच आलं. १० मार्चची अमावास्या रविवारी, तर पुण्यात तीन ठिकाणी विचारलं, सगळीकडे बुक. अर्थातच, सगळ्या चांदणीवाल्यांना तीच रात्र हवी असते, हे आमच्या हिशोबात धरलंच नव्हतं. त्याने १४-३५ नेच काढले, आयएसओ चढवून, मी डिनॉइज मारला. कॅलेंडरच्या साइजला चालून जातं, मोठी प्रिंट काढली तर त्याला स्वतःला सहन होत नाही. ८ एप्रिलला सोमवती होती पण दुसऱ्या दिवशी पाडव्याच्या शोभायात्रेची ऑर्डर, रात्रभर जागणं शक्य नव्हतं. मेच्या अमावास्येला ढग. म्हणजे चारातल्या दोन मिळाल्या.

परत करायचं झालं तर

थोरल्याला विचारलं तर तो अजून म्हणतो २.८ घ्यायला हवी होती, पण आवाजात जोर नसतो. धाकटा खूश आहे. मला विचाराल तर १६-३५ एफ ४ सेकंडहँड घेऊन उरलेल्या पैशातून थोरल्याला चांदण्यांसाठी एखादी मॅन्युअल फोकसची १४ एफ २.८ प्राइम (झूम नसलेली) घेऊन दिली असती, सॅमयांगची मिळते, तिच्या रेषा लाटेसारख्या वाकतात पण आकाशात कुठे भिंती आहेत! १६ आणि १४ मधला फरक यांना खऱ्या अर्थाने फक्त बाथरूममध्ये लागला. कासचे ते फूल जवळून काढलेले फोटो मात्र १६-३५ ने तसे आले नसते, तिचं जवळचं अंतर २८ सेंटीमीटरचं, हे मला मान्य करावं लागतं.

ट्रायलच्या दिवशीच रॉ फाइल ज्याच्या मशीनवर एडिट होणार त्याच्याकडे उघडून बघायला हवी होती, शिवाय रिकाम्या पठाराचे आणि रिकाम्या खोल्यांचे फोटो काढून लग्नाच्या लेन्सचा निर्णय केला हे तर हास्यास्पदच. घरातली दहा माणसं ओळीत उभी केली असती तर काकूंच्या आधी आम्हालाच दंड दिसला असता.

१७-४० विकायची ठरली होती, गिऱ्हाईकही आलं होतं. त्याने झूम रिंग फिरवली आणि बोट बघितलं तर पिवळं, रबराच्या खाचेत दोन-तीन सीझनची हळद बसलेली. त्याने भाव निम्म्यावर आणला. धाकट्याने लेन्स हातातून परत घेतली आणि म्हणला राहू दे. आता हळदीला आणि पावसातल्या वरातीला तीच जाते.